हिल्डाबाईंची ओटी

नेकारसुल्म, २३ नोव्हेंबर, रविवार

अहो,

साष्टांग नमस्कार घालत नाही, गुडघे इथल्या थंडीत जास्तच कुरकुरतात. उभ्यानेच केला असं समजा.

शार्दूलला तुम्ही म्हणालात म्हणे, आईला पत्रं लिहायचं काय खूळ लागलंय, फोन आहे की. आहे. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं म्हणते. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची आणि अक्षर वाकडं, तेव्हा चष्मा पुसून घ्या. शार्दूल म्हणत होता फोटो काढून पाठवतो, मी नको म्हटलं. टपालाने येईल तेव्हा येईल. तुम्हाला माझी घाई कधी होती.

तुमचा निरोप मिळाला. रथसप्तमीला तुमचं सहस्रचंद्रदर्शन, हॉल घेतला, गुरुजी ठरले, कबड्डी मंडळाची जुनी मंडळी येणार. आणि विधीला बायको शेजारच्या पाटावर लागते, म्हणून शार्दूलने माझं फेब्रुवारीचं तिकीट अलीकडचं करावं. विचार करून सांगते. तोवर इथलं ऐका.

आपली स्पृहा हॉकी खेळते. मैदानावरची नाही, बर्फावरची. मोठ्या हॉलमध्ये बर्फाचं तळं केलेलं असतं, पायात पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडू नाहीच, काळ्या रबराची जाड चकती. आपली दहा वर्षांची पोर गोलात उभी राहते. अंगावर एवढ्या गाद्या बांधतात की ती आहे का कोणी पहिलवान कळत नाही. तोंडावर जाळीचा मुखवटा. परवा तिने सगळं अडवलं, एक सोडून. त्या एकासाठी घरी येऊन रडली. मी म्हटलं, अगं सोन्या, तुझे आजोबा हरले की महिनाभर कोणाशी बोलायचे नाहीत, तू निदान रडून मोकळी तरी होतेस. मला इतका आनंद होतो तिला बघून, काय सांगू. आधी जर्मनमध्येच उत्तरं द्यायची. मला कळत नाही म्हटल्यावर आता मराठी जुळवून बोलते. "आजी, तू बर्फावर पडू नको, तू जुनी आहेस," म्हणते.

आणि हो, इथे जिना पाळीपाळीने झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात, केहरवोखे म्हणतात. आपली पाळी आली तर शार्दूल कारखान्यात, सूनबाई लॅपटॉपपुढे. मग मी झाडलं, पुसलं आणि उंबऱ्याशी रांगोळीची चार बोटंही ओढली. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बघत उभी राहिली. मला वाटलं आता काहीतरी ऐकवणार. ती आत गेली आणि केक घेऊन आली. हिल्डे रोमिंगर. मी हिल्डाबाई म्हणते, त्यांना चालतं. त्या मला नंदिनी म्हणतात, नुसतं नंदिनी. तुमच्या घरी आल्यापासून मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

आता पुरे करते. ती पिवळी गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही.

नंदिनी


७ डिसेंबर, रविवार

अहो,

आज हिल्डाबाईंकडे कॉफीला गेलो होतो, मी आणि स्पृहा. त्यांच्या यजमानांचं नाव एगोन. एकोणनव्वद वर्षांचे, पाठ अजून ताठ, नाक मात्र एका बाजूला गेलेलं. आणि ऐका, हे एगोन म्हणजे इथले जुने नावाजलेले बर्फ हॉकीवाले. पगारी खेळाडू. तेही गोलातलेच. स्पृहाला हे कळलं तेव्हापासून ती त्यांच्याकडे देवाकडे बघावं तसं बघते.

तुम्ही खेळाडू, म्हणून सगळं सांगते. ते मूळचे डोंगरातल्या गावचे. वडील लढाईवर गेले ते आलेच नाहीत. हिवाळ्यात तळं गोठलं की पोरं बापाच्या बुटांना पाती बांधून खेळायची. मोठा भाऊ जोरात पळायचा म्हणून तो पुढे. यांना पळता यायचं नाही म्हणून गोलात उभं केलं. सगळ्या कीर्तीची सुरुवात ही अशी.

मग इथल्या क्लबने त्यांना विशीत उचलून आणलं. क्लबचा पगार आणि वर बिअरच्या कारखान्यात नोकरी. दिवसा पिंपं ढकलायची, संध्याकाळी गोल अडवायचा. त्या काळी वर छप्पर नव्हतं. लोक हिमात उभे राहून बघायचे. गाद्या भिजून इतक्या जड व्हायच्या की शेवटी शेवटी उठवत नसे. आणि तोंडावर काही नाही. उघडं तोंड आणि समोरून सुसाट येणारी चकती. पुढचे दात गेले, नाक दोनदा मोडलं, भुवईला टाके. बोलता बोलता त्यांनी कवळी काढून बशीत ठेवली. स्पृहा इतकी हसली की कॉफी सांडली.

पुढे त्यांनी मुखवटा घातला. इथे कोणी घालत नसे तेव्हा. आपलेच प्रेक्षक ओरडले, भित्रा, बेडूकतोंड्या. पण त्या वर्षी त्यांच्या गोलात काही जाईचना. पुढच्या हिवाळ्यात पोरं पुठ्ठ्याचे मुखवटे घालून सामन्याला यायला लागली. मुखवटेवाला रोमिंगर म्हणून पेपरात नाव. लोकांनी खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं.

आणि मग गुडघा गेला. क्लबने दुसरा माणूस आणला. एगोन त्याच बिअर कारखान्याची गाडी चालवायला लागले. ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं त्यांच्याच दुकानांत पिंपं उतरवायची. कोणी म्हणे, अरे तुम्हीच ना ते. कोणी तेही म्हणत नसे. हिल्डाबाईंनी केक पुढे सरकवला.

मग म्हणाले, "आल्झो, तर काय, तो मुखवटा मी स्वतः केला. याच घरात, या दोन हातांनी." हात पुढे करून दाखवले. स्पृहाने मला मराठीत सांगितलं. हिल्डाबाई कॉफी ओतत होत्या. ओतता ओतता त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. पण ते बघणं मी ओळखते, आरशात पाहिलेलं आहे.

तिकिटाचं अजून ठरवलेलं नाही. मुलांना विचारत बसू नका, त्यांना ठाऊक नाही.

नंदिनी


१९ डिसेंबर, शुक्रवार

अहो,

इथे नाताळची धांदल. सूनबाईने झाड आणलं, खरं झाड, आणि महिन्याभरात टाकून देणार म्हणे. मी त्याला पाणी घालते तर सगळे हसतात.

हिल्डाबाईंनी काल मला तळघरात नेलं. केलर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाचा तिथे जाळीचा खण असतो, आपल्या माळ्यासारखा, फक्त खाली. स्पृहा बरोबर होती, नाहीतर आम्ही दोघी काय बोलणार. बटाट्यांच्या पेटीमागून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उलगडलं तर माणसाचं तोंड. पांढरं, प्लास्टरचं. डोळे मिटलेले, नाक एका बाजूला. तरणेताठे एगोन.

हिल्डाबाई तरुणपणी दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात होत्या. तोंडाचा साचा घ्यायचा, त्यावर काम करायचं, हा त्यांचा हातखंडा. नवऱ्याची कवळी त्यांनीच केलेली. पुन्हा पुन्हा करून कंटाळल्या आणि एक दिवस म्हणाल्या, आता तुझं अख्खं तोंडच करते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांना आडवं केलं, नाकात नळ्या घातल्या आणि चेहऱ्यावर प्लास्टर ओतलं.

"तो आतून ओरडत होता," स्पृहा सांगत होती, "आणि ओमा हिल्डे त्याच्या पोटावर बसली होती. हलू नये म्हणून." ओमा म्हणजे आजी.

हिल्डाबाई हसायला लागल्या. मीही हसले. तुमच्या पोटावर बसायची वेळ मला कधी आली नाही, हे मनात आलं, असो.

त्या साच्यावर कापड आणि डिंकासारखं काहीतरी, थरावर थर, वाळवत वाळवत. आतून टोचू नये म्हणून स्वतःच्या थंडीच्या कोटाचं अस्तर उसवून लावलं. तो हिवाळा त्यांनी शाल गुंडाळून काढला.

मी विचारलं, मग एगोन असं कसं सांगतात?

पेपरचा बातमीदार आला तेव्हा हिल्डाबाई बाळंतपणाला आईकडे होत्या. परत आल्या तर छापून आलेलं, खेळाडूने स्वतः घडवलेला मुखवटा. तो मुखवटा आता हॉलमध्ये काचेच्या कपाटात आहे, खाली हेच लिहिलंय.

"मग तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"बोलले की. तो म्हणाला, गेनाऊ, बरोबर आहे तुझं, पुढच्या वेळी सांगतो."

आता ती पुढची वेळ आली आहे. अकरा जानेवारीला क्लब एगोनचा सत्कार करणार. त्यांचा एक नंबरचा शर्ट हॉलच्या छताला टांगणार, म्हणजे तो नंबर आता पुन्हा कोणाला मिळायचा नाही. हिल्डाबाईंनी नवी टोपी घेतलीय, निळी, पिसाची. "या वेळी नाव घेणार आहे माझं," म्हणाल्या. "वचन दिलंय."

साचा पुन्हा टॉवेलात गुंडाळून ठेवला, बाळाला गुंडाळावं तसा.

तुमचं लोकरीचं जाकीट कपाटात वरच्या फळीवर आहे. खाली शोधू नका.

नंदिनी


२ जानेवारी

अहो,

तुमचा निरोप शार्दूलने जेवताना सांगितला. "कोण कुठले म्हातारा-म्हातारी, त्यांचं काय लावलंय हिने? मी तिचं काय वाईट केलं ते एकदा सांग म्हणावं." शार्दूल खाली मान घालून वरण ओढत होता. पोराला लाज वाटली, माझी का तुमची ते कळलं नाही.

वाईट काही केलं नाहीत. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मंडळाने सत्कार केला त्या दिवसाचं तेवढं सांगते, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही व्यासपीठावर होतात, शाल, नारळ, फेटा. मी मागच्या खोलीत खोक्यांत बटाटेवडे भरत होते, कारण वाढपी आले नव्हते. मध्ये कोणी बोलवायला आलं तर पटकन जाता यावं म्हणून दारापाशीच बसले होते. कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं. तुम्ही शिक्षकांचे आभार मानलेत, मंडळाच्या शिपायाचे, मैदानावर पाणी मारणाऱ्याचे. सामना जिंकून दिला त्या चढाईची गोष्ट सांगितलीत, लोक रडले. आणि मग खांदा.

डॉक्टर म्हणाले होते हात वर जायचा नाही, खेळ संपला. तुम्ही माइकवर म्हणालात, "मी मनाच्या ताकदीवर तो खांदा परत आणला."

पहाटे उठून तेल कोण गरम करायचं? शार्दूल पोटात होता आणि मी भिंतीला टेकून तुमचा हात दोन्ही हातांनी उचलून धरायची, वर, आणखी वर, आणि तुम्ही शिव्या द्यायचात. मला. मग एकदा हात डोक्यापर्यंत गेला आणि तुम्ही मंडळात पळालात, सांगायला. चहा तसाच राहिला.

ते जाऊ दे. वड्याला मीठ जास्त झालं होतं असं घरी आल्यावर म्हणालात, ते खरं होतं.

आता ऐका. देवाला कौल लावतात तसा मी मनाशी कौल लावलाय. अकरा तारखेला एगोनने सगळ्यांपुढे बायकोचं नाव घेतलं, तर मी तिकीट बदलून येते आणि रथसप्तमीला मुकाट्याने पाटावर बसते. म्हणजे एकोणनव्वदाव्या वर्षीही माणूस सुधारतो असं धरून चालेन. तुम्हाला तर त्याच्यापेक्षा बरीच वर्षं हातात आहेत.

नंदिनी


१२ जानेवारी, सोमवार

अहो,

आपल्याकडे सत्कार म्हटलं की जोडीने, निदान पत्रिकेत तरी तसं छापतात. त्यामुळे मी धरूनच चालले की हिल्डाबाईंनाही बोलावतील आणि मग त्यांची ओटी कोण भरणार, मीच. शार्दूलने भारतीय दुकानातून नारळ आणला. सूनबाईने कोरा खण दिला. शाल माझी, घडीही न मोडलेली. तांदूळ पुडीत. हळदकुंकू.

हॉलच्या दारात तपासणी. तिथल्या माणसाने पिशवीत हात घालून नारळ वर काढला आणि मान हलवली. आत नेता येणार नाही, लोक बर्फावर फेकतात. मी म्हटलं, स्पृहा, सांग त्याला, देवाचं आहे. तिने सांगितलं. तो म्हणाला, देवाचं असलं तरी लागतं. नारळ टेबलावर छत्र्या आणि बाटल्यांच्या रांगेत बसला, बिचारा.

आत दिवे मालवले. बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. एगोन काठी टेकत मधोमध गेले, सगळा हॉल उभा राहून त्यांचं नाव घेत होता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. शर्ट हळूहळू छताकडे चढला. एगोन डोळे पुसत होते. हिल्डाबाई आमच्या शेजारीच, प्रेक्षकांत, निळी टोपी घालून. त्यांना खाली बर्फावर कोणी बोलावलंच नव्हतं. पण त्यांनी हातमोजे काढून ठेवले होते. नाव आलं तर हात हलवायला असणार.

एगोन बोलायला लागले. स्पृहा माझ्या कानात सांगत होती. प्रशिक्षकाचे आभार, तो केव्हाच वारला. बिअरच्या मालकाचे. टाके घालणाऱ्या डॉक्टरचे. बसच्या ड्रायव्हरचे. बर्फ सपाट करणारं यंत्र चालवतो त्याचे. मी मनात म्हणत होते, आता, आता. मोठ्या पडद्यावर तो मुखवटा दाखवला. एगोन म्हणाले, "हा मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केला. गोलात माणूस एकटा असतो. त्याला स्वतःच स्वतःला वाचवावं लागतं."

लोकांनी छत उडेल अशा टाळ्या वाजवल्या. हिल्डाबाई उभ्या राहून वाजवत होत्या. सगळ्यांपेक्षा जोरात. मला माझे वड्याच्या तेलाचे हात आठवले, मीही त्या दिवशी अशाच वाजवल्या होत्या.

सामना सुरू झाला. हिल्डाबाई समोर बघत बसल्या होत्या, पण बघत काही नव्हत्या. मी उठले. त्यांना कुंकू लावलं, अंगावर शाल घातली, कोटाचा सोगा दोन्ही हातांनी धरायला लावला आणि तांदूळ आणि खण घातला. नारळ नाही. हात रिकामा राहिला. तर स्पृहाने खिशातून तिची सरावाची चकती काढली आणि माझ्या हातात दिली. मी तीच ओटीत घातली. मागचा माणूस म्हणाला बसा, दिसत नाही. स्पृहाने त्याला जर्मनमध्ये असं काही ऐकवलं की तोच उठून पलीकडे सरकला. काय म्हणालीस विचारलं तर सांगेना.

हिल्डाबाईंनी विचारलं, हे काय आहे?

स्पृहा म्हणाली, "आजी, मी सांगितलं की आमच्याकडे हा बाईचा कप असतो. जिंकलेला."

हिल्डाबाई बराच वेळ कोटाचा सोगा तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "टोपीची पावती मी ठेवली आहे. दुकानवाले परत घेतील."

येताना नारळ परत मिळाला.

नंदिनी


१७ जानेवारी, शनिवार

अहो,

हे पत्र मात्र शार्दूलला फोटो काढून पाठवायला सांगितलंय, कारण रथसप्तमीआधी तुमच्या हाती पडायला हवं.

कौल काय लागला ते आधीच्या पत्रांत आहे, ती टपालाने येतीलच. तरी कालचं सांगते.

इथे घरातलं मोठं अडगळीचं सामान ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात, गाडी येऊन नेते. श्पेरम्युल. काल आमच्या गल्लीचा दिवस होता. मोडकी खुर्ची, सायकल, सूनबाईचं वाळलेलं झाड. मी सकाळी खाली गेले तर खुर्चीवर ते पांढरं तोंड ठेवलेलं. टॉवेल नाही, काही नाही. वरून हिम पडून डोळ्यांच्या खाचा भरल्या होत्या. हिल्डाबाई दारात उभ्या होत्या.

एगोन पेपर आणायला बाहेर पडले. खुर्चीपाशी थांबले. काठीने हिम झटकलं, वाकून बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग बायकोकडे वळून विचारलं, "हा कोण?"

एवढं जर्मन मला कळतं आता.

हिल्डाबाई म्हणाल्या, "होता एक खेळाडू."

"अस्सं," म्हणाले आणि पेपर आणायला गेले. थोड्या वेळाने गाडी आली.

आम्ही दोघींनी तो नारळ फोडला आणि वड्या केल्या. हिल्डाबाईंनी त्यात लोणी घातलं, मी बोलले नाही. चकती त्यांनी खिडकीत ठेवलीय, फुलांच्या कुंडीशेजारी. स्पृहाचा उद्या सामना आहे, त्या येणार आहेत, टोपी न घालता.

तर मी रथसप्तमीला येत नाही. तिकीट आहे त्या तारखेचंच राहू दे. आणि उतरल्यावर मी नागपूरला संपदाकडे जाणार आहे, तिच्याशी बोलणं झालंय. आई, कायमची ये म्हणाली. कायमचं काय ते बघू. शार्दूलवर रागावू नका, पोराने दोन्हीकडचं ऐकून घेतलंय. हे त्याच्याच हातून जातंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

विधी अडायचा नाही. गुरुजींना विचारा, बायको हजर नसली की यजमानाने कमरेला सुपारी खोचायची, तीच बायको. शास्त्रात सोय आहे. सुपारी देवघराच्या खालच्या खणात, पितळी डब्यात, हळकुंडांच्या मागे. लग्न झालं तेव्हापासून तिथेच आहे, पण तुम्हाला माहीत नसेल. जरा घट्ट खोचा. भाषणाच्या भरात पडली तर कोणाच्या लक्षात यायची नाही.

नंदिनी